महालक्ष्म्यांच्या भिंतीवर टीव्ही

आमचा हॉल दहा बाय बारा. हॉल म्हणायचं, कारण बिल्डरने नकाशात तसं लिहिलं होतं. अकोल्याच्या जुन्या शहरात, माझ्या माहेरी, एवढ्या जागेत आम्ही सायकली ठेवायचो. एका भिंतीला दार, दुसरीला खिडकी, तिसरीत स्वयंपाकघरात जायची वाट आणि तिच्या बाजूला दिवाण. चौथी भिंत कोरी. अगदी कोरी, घड्याळ नाही, कॅलेंडर नाही, साधा खिळा नाही. अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन अमरावतीत आले तेव्हा मला वाटलं, चला, आपल्यासाठी काहीतरी शिल्लक ठेवलंय. आठव्या दिवशी लग्नाचा फोटो लावायला मी हातोडी उचलली, आणि माझ्या सासूबाई, गोदाबाई, पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"लोकाच्या घरात खिळे ठोकाच्या आंधी इचारा लागते, हे तुह्या मायनं शिकोलं नाई वाट्टे?"

ती भिंत महालक्ष्म्यांची होती. भादव्यात तीन दिवस ज्येष्ठा आणि कनिष्ठा तिथे उभ्या राहतात. लोखंडी सांगाड्यांना साड्या नेसवायच्या, वर मुखवटे बसवायचे, मधल्या दिवशी पुरणाचा आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य. आणि एकदा जागा ठरली की ती हलत नाही. महालक्ष्म्या पूर्वी शेंदूरजनाघाटला सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाईंकडे असायच्या. जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं, मोठे सासरे गेले आणि त्यांच्याने होईना, तेव्हा महालक्ष्म्या आमच्याकडे आल्या. त्याला वीस-बावीस वर्षं झाली. तीन दिवसांसाठी तीनशे बासष्ट दिवस भिंत मोकळी! मी हे एकदा बोलूनही दाखवलं होतं. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत आणि मीही आग्रह केला नाही.

आमचं बोलणं म्हणजे टोमणेच. मी जुन्या शहरातली, तिथे भांडल्याशिवाय नळाचं पाणीसुद्धा मिळत नाही, त्यामुळे मी कमी पडले नाही. चहा चांगला झाला तर त्या म्हणायच्या, "आज सूर्य कुठून उगवला?" मी म्हणायचे, "तुमी झोपून होत्या तिकडून." टोमणा मारताना त्यांचा खालचा ओठ जरासा डावीकडे सरकायचा. तो सरकला की मी कंबर कसायची. खरं सांगायचं तर आम्हा दोघींना त्याची सवय लागली होती. कुणी दोन दिवस माहेरी गेलं की घर अळणी लागायचं.

तर माझा नवरा कुलदीप, बडनेऱ्याला रेल्वेत तिकीट खिडकीवर आहे. दिवसभर लोकांना जागा नाही, जागा नाही सांगतो आणि घरी येऊन स्वतः तो हिशोब विसरतो. पोळा पंधरा दिवसांवर असताना त्याने पंचावन्न इंची टीव्ही मागवला. भिंत मोजली नाही, दार मोजलं नाही. खोकं आलं ते दाराशी आडवं झालं आणि दोन दिवस आम्ही घरात खेकड्यासारखे तिरपे चाललो. मुलगी राखीच्या सुटीत अकोल्याला आजोळी गेली होती म्हणून निदान घरात तिघेच होतो.

रविवारी सकाळी संघपाल आला. टीव्ही लावण्यात त्याचा हात बसलेला आहे, असं कुलदीपच्या ऑफिसातल्या कुणी तरी सांगितलं होतं. त्याने टेप काढला, सगळ्या भिंती मोजल्या, दिवाणावर बसून पाहिलं, खाली बसून पाहिलं.

"दादा, खिडकीच्या भितीले लावला तं दिवसा उजेड डोयात येते, काईच नाई दिसत. दाराच्या भितीले लावला तं दार उघडलं का धडक. इकडं सैपाकाची वाट हाय. राह्यली ही एक."

आणि त्याने त्या कोऱ्या भिंतीवर हात ठेवला. मग हात काढून घेतला. दिवाणावर सासूबाई शेंगा निवडत बसल्या होत्या, त्यांच्याकडे वळून त्याने विचारलं, "मावशी, या भितीले महालक्ष्म्या नाई ना बसत? मी इचारूनच ड्रिल लावतो. मांगच्या साली एका घरी असा लावला आन् पोळ्याच्या करीले काढाले बलावलं. भोकं बुजवता बुजवता माहा जीव गेला."

कुलदीप माझ्याकडे पाहायला लागला. मी छताकडे. आता भूकंप, हे आम्हा दोघांना कळलं होतं.

सासूबाईंनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि म्हणाल्या, "नाई बाप्पा. आमच्या घरी कुठं महालक्ष्म्या? त्या माह्या जाऊबाईकडे असतात, शेंदूरजनाघाटले."

बाईसाहेब बाण अचूक मारतात, हे मी मनात म्हटलं. कारण आदल्या वर्षीचं मला चांगलंच आठवत होतं. अंगात ताप असताना मी सोळा भाज्या चिरल्या होत्या, आणि आमटीला मीठ कमी पडलं म्हणून त्या पाहुण्यांसमोर बोलल्या, तेव्हा विळी आपटून मी म्हणाले होते, "एवढंच असन तं पाठवून द्या तुमच्या महालक्ष्म्या परत शेंदूरजनाघाटले." वर्षभर त्यांनी ते वाक्य जपून ठेवलं आणि नेमकं आज, परक्या माणसासमोर, माझ्या पदरात टाकलं. असंच मला वाटलं.

कुलदीप मात्र खूश झाला. "पाह्य, आई किती मॉडर्न झाली! म्या उगाच भेव घेतलं."

संघपालने मला विचारलं, "लावू ना वहिनी?"

एक क्षण होता. तो मी आजही विसरू शकत नाही. मी सासूबाईंच्या ओठाकडे पाहायला हवं होतं. अकरा वर्षं पाहत आले होते, त्याच दिवशी पाहिलं नाही. रागात माणूस समोरच्याचं तोंड पाहत नाही, आपलंच उत्तर शोधतो. शिवाय खोटं कशाला बोलू, भिंत मला हवीच होती.

"लावा भाऊ," मी म्हणाले. "आईनं सांगतलं ना, नाई बसत म्हून."

ड्रिल सुरू झालं तशी भिंतीतून विटेची लाल भुकटी पडायला लागली. सासूबाई उठल्या, पेपर आणला आणि स्वतः खाली धरून उभ्या राहिल्या. "खाली सांडू नोको रे बाप्पा, आत्ताच सारवलं हाय." आमच्या घरी फरशी आहे, सारवण गावाकडचं. मला वाटलं, हाही टोमणाच, मी फरशी नीट पुसत नाही म्हणून. मनात म्हटलं, करा नाटक, करा. चार भोकं पडली. संघपालने त्यांत प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, त्यात स्क्रू पिळले, लोखंडी पट्टी बसवली, लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत वरखाली केली. मग त्याने आणि कुलदीपने मिळून टीव्ही उचलला आणि अडकवला. ती भिंत काळी झाली. महालक्ष्म्या उभ्या राहायच्या नेमकी ती मधली जागा.

मी सासूबाईंच्या बोलण्याची वाट पाहत होते. जेवताना बोलतील, भांडी आवरताना बोलतील. त्या काहीच बोलल्या नाहीत. मी वांग्याची भाजी मुद्दाम तिखट केली होती, ती त्यांनी निमूट खाल्ली. मला चैन पडेना. भांडण तयार असावं आणि समोरच्याने यायचंच नाही, याच्याइतका जाच नाही.

दुपारी चारच्या सुमाराला मीच हार मानली. हॉलमध्ये कुलदीप रिमोट घेऊन कुठल्याशा मेनूत शिरला होता. मी दोन कप चहा केला आणि आतल्या खोलीत गेले. म्हणणार होते, बस झालं आई, काढून टाकू भादव्यापुरता, एवढी काय शिक्षा. सासूबाई पलंगावर कापडी पिशवी भरत होत्या. वर हिरवं लुगडं, त्याच्यावर नारळ, आणि बाजूला जुन्या पेपरात गुंडाळलेली माझी विळी.

"आई, रुसून कुठं चालल्या?"

"रुसून काऊन जाईन वं?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "महालक्ष्म्या येऊन राहिल्या ना. जाऊबाईकडे जातो. सोळा भाज्या चिराच्या असतात, ते एकटी किती करन? विळी घेतली, तिच्या विळीले धार नाई."

"जाऊबाई कुठं हायत आता?"

"कुठं राहीन? शेंदूरजनाघाटले. तू पाह्यली नाई वाट्टे तिले. सोभावानं लय चांगली हाय. बोलत नाई जादा, पन चांगली हाय."

मी त्यांना पाहिलं होतं. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या तेरवीला सगळ्यांना मीच वाढलं होतं, आणि त्यांना नेलं त्या दिवशी सासूबाई त्यांचे पाय सोडत नव्हत्या, चार बायांनी ओढून बाजूला केलं होतं.

मी तेव्हा त्यांच्या ओठाकडे पाहिलं. ओठ जागच्या जागी होता. चेहरा स्वच्छ, लग्नाला निघालेल्या बाईसारखा, थोडी घाई असलेला. टोमणा नव्हता. सकाळीही नसणार.

मी एक कप त्यांच्यापुढे ठेवला. मी पलंगाच्या काठावर बसले आणि डोक्यात एकेक गोष्ट आपोआप मागे जायला लागली. उन्हाळ्यात त्यांनी डाळीत दोनदा मीठ टाकलं, तेव्हा माझी माहेरची माणसं जेवायला होती. मला वाटलं, मला पाडायला केलं. मी बाजारात गेले असताना त्यांनी आतून कडी लावली आणि खिडकीतून विचारलं, "कोन पाह्यजे?" मला वाटलं, दार का लोटून गेले नाही म्हणून खवचटपणा. आखाडात एकदा त्यांनी मला 'रागिणी' म्हणून हाक मारली. रागिणी त्यांची धाकटी बहीण, तरुणपणीच गेलेली. तिचं नाव मी मोठ्याने उच्चारलेलं त्यांना चालत नाही, इतकी त्यांची दुखरी जागा. मी फटकन म्हणाले होते, "रागिणी नाई हाय मी, राबणारी हाय." त्यावर त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या होत्या. मी समजले, जिंकले.

एकही टोमणा नव्हता. आणि मी प्रत्येकाला उत्तर दिलं होतं. एक म्हातारी बाई अंधारात चाचपडत होती आणि मी तिच्याशी वाद घालत होते. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. दुसऱ्या कुणाच्या घरात हे चार महिने आधी लक्षात आलं असतं. आमच्या घरात सासू वाकडं बोलली तर कोण दचकणार?

मी हॉलमध्ये गेले. कुलदीप स्टुलावर उभा राहून टीव्हीच्या मागची वायर आत सारत होता.

"अहो, आईचं काईतरी बिघडलं. त्यायले जाऊबाई गेल्या तेच आठवत नाई. शेंदूरजनाघाटले निघाल्या त्या."

"झालं तुमचं सुरू," तो वळलाही नाही. "टीव्ही लावला म्हून रागानं म्हनून राहिली ते. तूच त म्हनलं लावा."

"राग नाई हो. खरंच सांगून राहिली मी."

"पौर्णिमा, अकरा साल झाले. आई अशी म्हने, आई तशी म्हने. मी इकडून आयकतो आन् तिकडून आयकतो. रविवारचं तरी सोडा ना."

लांडगा आला रे आला म्हणून मी अकरा वर्षं ओरडले होते. आता कोण धावून येणार?

"भांडन नाई हाय हे!" मी ओरडलेच. "भांडन असतं तं मी तुमच्याकडं आली असती का? माह्यं मीच मिटोलं असतं ना! जाऊन इचारा, महालक्ष्म्या कुठं बसवतो आपुन. जा ना!"

माझा आवाज ऐकून त्याने वायर सोडली. स्टुलावरून उतरून आत गेला. मी उंबऱ्याशी थांबले. आत त्याने काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण सासूबाईंचं उत्तर आलं, खणखणीत. "कुलदीप, तूई चाल संगं. काकाले म्हनतो, पोराचं दाहावीचं वर्ष हाय, भस्म लावा याच्या कपायाले." कुलदीपचे कानाजवळचे केस पांढरे झालेत. काका, म्हणजे माझे मोठे सासरे, तो दहावीत असतानाच वारले होते.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. त्याने सरळ फोन उचलला. "संघपाल, टीव्ही काढाचा हाय. आत्ताच्या आत्ता." पलीकडून संघपाल काहीतरी म्हणाला, उद्याचं बहुतेक. "उद्या नाई, आज! भोकं बुजवाचं सामान घेऊन ये!" फोन ठेवून तो पुन्हा स्टुलावर चढला आणि मघाशी लावलेल्या वायरी एकेक उपटायला लागला.

"काय करून राहिले तुमी?"

"भिंत मोकळी केली का होईन बरोबर," तो म्हणाला. "तिले धक्का बसला असन. तिची भिंत गेली म्हून झालं असन असं. आज काढू, कलर मारू, मंग बरोबर होईन."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. सकाळी भिंत होती, कोरी होती, तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, आमच्या घरी कुठं महालक्ष्म्या. ते त्यालाही माहीत होतं. मी म्हणाले, उद्या सुटी टाका, दवाखान्यात नेऊ. तो ऐकत नव्हता, फक्त उपटत होता. मला भीती वाटली की टीव्हीसकट खाली येईल. मी स्टूल धरून उभी राहिले.

तेवढ्यात सासूबाई पिशवी घेऊन हॉलमध्ये आल्या. हिरवं लुगडं नेसलेल्या. दिवाणावर टेकल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काऊन वं लेकरा, रडून राहिली?"

मला कळलंही नव्हतं मी रडत होते ते.

"काई नाई आई."

"सासू बोलली का काई?"

कुलदीप स्टुलावरच थांबला. अकरा वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर भेटेल त्याला दिलं होतं, शेजारणींना, बहिणींना, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बायांना.

"बोलते कधी कधी," मी म्हणाले.

"मारते?"

"नाई. मारत नाई. बोलते फक्त."

"मंग बोलू दे." त्यांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं आणि पदराने माझं तोंड पुसलं, जोरात, लहान पोरीचं पुसतात तसं. आजवर त्यांनी मला असं कधी हात लावला नव्हता. "दमली तू. तुह्या सासूले दिसत नाई वाट्टे. मी सांगू का तिले?"

"सांगा," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

"सांगतो," त्या म्हणाल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पिशवी खांद्याला लावली. "चाल, येतो आता. चहा चांगला केला होता तुवा. घरी जातो, उशीर होऊन राहिला."

"आई," कुलदीपचा आवाज फाटला, "हेच घर हाय ना आपलं. तू घरीच हाय."

सासूबाईंनी सगळीकडे पाहिलं. दाराकडे, खिडकीकडे, दिवाणाकडे. मग त्या काळ्या भिंतीकडे बराच वेळ पाहिलं. चेहऱ्यावर काहीतरी जुळत आलं, मला वाटलं, आली, ओळख परत आली.

"नाई बाबू," त्या म्हणाल्या. "माह्या घरी या भितीले महालक्ष्म्या बसतात."

आणि दाराशी जाऊन चपला शोधायला लागल्या.